मी ऐकलंच नव्हतं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळही नाही — आणि त्याच्यापासून मी तसं काही लपवत नाही, माहेरच्या भानगडीसुद्धा त्याला सगळ्या माहीत आहेत. हे मात्र राहिलं. राहिलं म्हणजे काय, मी राहू दिलं.

तुम्हाला सांगण्यात एक सोय आहे. तुम्ही मला ओळखत नाही. शिरूरमध्ये ओळखणारे पुष्कळ आहेत आणि त्यातले बहुतेक माझ्याबद्दल चांगलंच बोलतात. संस्था उभी केली आणि वेळेवर बाजूला झाल्या, म्हणतात. मागं एका शाळेत पाहुणी म्हणून बोलावलं होतं. ओळख करून देणाऱ्या सरांनी मुलांना सांगितलं की पद सोडायला मोठं मन लागतं. मी मान खाली घालून बसले होते. मुलांना वाटलं असेल, बाई किती साध्या आहेत.

संस्थेचं काम थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. गावाचं शहर व्हायला लागलं की रस्ते, स्टँड, बाजार, संडास असं सगळं बांधलं जातं ते धडधाकट माणसाच्या मापानं. म्हाताऱ्या माणसानं, कुबड्या घेऊन चालणाऱ्यानं, आंधळ्यानं, कडेवर मूल आणि हातात पिशव्या असलेल्या बाईनं तिथं कसं वावरायचं? ते कुणी बघत नाही. आम्ही बघायचो. नगरपालिकांबरोबर बसून आराखडे करायचो. पायऱ्यांच्या शेजारी उतार हवा, फुटपाथ सलग हवा, बाकाला उठताना धरायला दांडा हवा. पुण्या-मुंबईत असं काम करणारे होते. शिरूर-दौंडसारख्या ठिकाणी कोण करणार? मी वास्तुविशारद, लग्न होऊन शिरूरला आलेली. घराच्या पुढच्या खोलीत सुरुवात केली. मग ऑफिस झालं, विश्वस्त आले, दौंडला दुसरं केंद्र निघालं आणि मी संचालक झाले. माझ्याइतकी ती संस्था कुणाचीच नव्हती. असं मला वाटायचं.

आता कानाचं सांगते.

पन्नाशी ओलांडली आणि डाव्या कानानं हळूहळू काम सोडलं. मग उजव्यानंही. ठार बहिरी झाले नव्हते. आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. म्हणजे समोरचा बोलतोय हे कळायचं, चिडून बोलतोय का हसून तेही कळायचं, पण नेमकं काय — ते निसटायचं. शांत खोलीत, समोरासमोर, ओठ दिसत असले की निभायचं. पंखा लागला, दोन माणसं एकदम बोलली, कुणी पाठीमागून बोललं, की संपलं.

नवरा म्हणायचा, ‘अगं, टीव्ही केवढा मोठा करतेस. कान दाखवून घे.’ मी म्हणायचे, मळ झालाय. एकदा मीटिंग आहे सांगून पुण्याला गेले आणि तपासून आले. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, दोन्ही कानांना मशीन लावा, उशीर करू नका. मी मशीन घेतलं. चांगलं, लहानसं होतं. घरी आणून कपाटात साड्यांच्या मागे ठेवलं.

घातलं का नाही? हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. आमच्या ऑफिसात दोघं कुबड्या घेऊन यायचे. आमच्यासारख्या ऑफिसात तर हे सांगणं सगळ्यात सोपं होतं. कुणी हसलं नसतं. उलट सगळ्यांनी समजून घेतलं असतं, माझी खुर्ची बदलून दिली असती, हळू बोलले असते. मला ते ‘उलट’च नको होतं. आयुष्यभर मी टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसून पलीकडच्यांची सोय बघितली. आता उठून पलीकडे जाऊन बसायचं? आम्ही सगळीकडे ‘सर्वांसाठी’ असं लिहायचो. माझ्या मनात ते ‘त्यांच्यासाठी’ होतं. हे मला तोवर माहीत नव्हतं. मशीन कपाटात ठेवताना कळलं, आणि तरी मी कपाट लावून घेतलं.

मग युक्त्या सुरू झाल्या. टेबलाच्या टोकाला बसायचं, म्हणजे सगळ्यांचे ओठ दिसतात. बाकीचे हसले की हसायचं. आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे मी काहीतरी बोलणं अपेक्षित आहे, की एक वाक्य म्हणायचं — ‘बघते मी.’ हे वाक्य कुठल्याही प्रश्नाला चालतं. तक्रारीला, विनंतीला, सूचनेलाही चालतं. माणसं खूश होतात. मॅडम स्वतः बघतायत म्हणजे काम होणार.

दौंडला स्टेशनकडे जाणाऱ्या एका रस्त्याचं काम चाललं होतं. नवा फुटपाथ. ते काम आमच्या केंद्रातली सारिका बघायची. न्हावऱ्याची मुलगी, वडिलांचा गाईंचा गोठा. घरातली ऑफिसात नोकरी करणारी पहिलीच. शिरूरहून दौंडला जाताना मी तिला न्हावऱ्याच्या फाट्यावर गाडीत घ्यायचे. बाकी दिवशी ती एसटीनं जायची. हुशार होती, आणि लोकांत मिसळायची. त्या रस्त्यावरच्या देवळाशी कुसुममावशी अगरबत्ती आणि कापूर विकायला बसायच्या. लहानपणीच दोन्ही डोळे गेलेले. भावाकडे राहायच्या, पण घरून देवळापर्यंत रोज एकट्या यायच्या — भिंतीच्या कडेनं, काठी टेकत. सारिका आणि त्या दुपारचा डबा एकत्र खायच्या. मावशी तिला पोरी म्हणायच्या.

काम संपत आलं तेव्हा रहिवाशांची बैठक घेतली. पत्र्याचा हॉल, वर पंखे, बाहेर रेल्वेचे भोंगे. कॉन्ट्रॅक्टर उभा राहून काहीतरी सांगत होता आणि हात करून दाखवत होता. मला वाटलं, गटाराच्या झाकणांबद्दल सांगतोय. मग मावशी उभ्या राहिल्या. त्यांचं तोंड कॉन्ट्रॅक्टरच्या आवाजाकडे होतं, म्हणजे माझ्याकडे पाठ. ओठ दिसले नाहीत. त्या बराच वेळ बोलल्या. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणाले, ‘हो मावशी, बघते मी.’

मावशींनी माझ्या आवाजाकडे मान वळवली. आता ओठ दिसले. ‘बास,’ त्या म्हणाल्या. ‘ताई म्हनल्या म्हंजी झालं.’ आणि खाली बसल्या.

परत येताना मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते, सारिका मागे. खिडक्या उघड्या, रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर. मागून तिचा काहीतरी आवाज आला, एवढं मला आठवतं. आवाज वर चढून थांबला, म्हणजे प्रश्न होता. मी मान न वळवता तेच उत्तर दिलं, हेही आठवतं. 

त्या दिवशी बैठकीत काय बोलणं झालं होतं ते मला अपघातानंतर कळलं. रस्त्याच्या कामाची माहिती देणारा बोर्ड लावायचा होता. कुणी मदत केली, आराखडा कुणाचा, वगैरे. माझं नावही होतं त्यावर. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला होता, देवळाच्या अलीकडे भिंतीला लागून लावतो. मावशी म्हणाल्या होत्या, तिथं लावू नका. मी भिंत धरून चालते, काठीला खालचं कळतं, तोंडासमोरचं कळत नाही. नवीन काही नव्हतं त्यात. आमच्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी स्वतः पहिल्याच दिवशी हे शिकवायचे. ऐकू आलं असतं तर मी तिथंच ‘नको’ म्हणाले असते. एका शब्दाचं काम होतं.

कॉन्ट्रॅक्टरला कुणीच काही कळवलं नाही आणि बोर्ड लागला. दोन लोखंडी पाय, वर पत्रा. काठी दोन पायांच्या मधून गेली आणि पत्र्याची कड मावशींच्या तोंडावर बसली. भुवईपाशी टाके पडले, पुढचा एक दात पडला. त्या रस्त्यात बसून राहिल्या होत्या म्हणे, उठायला तयार नव्हत्या. कुठल्या बाजूला उठायचं तेच कळेना.

बोर्ड लगेच काढला. विश्वस्तांनी शिरूरच्या ऑफिसात बैठक बोलावली. आमच्या अध्यक्षांना सगळे आप्पा म्हणायचो. निवृत्त मुख्याध्यापक, शांत माणूस. खोली लहान, पंखा बंद. त्या दिवशी मला सगळं ऐकू येत होतं.

आप्पांनी विचारलं, ‘मावशींनी हरकत घेतली होती म्हणतात. ती पुढे कुणी कळवायची होती?’

सारिका माझ्याकडे बघत होती. ती घाबरलेली नव्हती. मी सांगेन, असं तिला वाटत होतं.

मी म्हणाले, ‘साइटवरचं सगळं सारिका बघते.’

हे खोटं नव्हतं. म्हणून तर तोंडातून सहज निघालं.

सारिकाला आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली, ‘ताई, मी गाडीत विचारलं होतं ना तुम्हाला. म्हटलं, बोर्डाचं कॉन्ट्रॅक्टरला मी सांगू का तुम्ही बोलताय. तुम्ही म्हणालात, बघते मी.’

आता सांगायचं होतं. ‘मला ऐकू येत नाही’ — इतकंच. कुणी मला फासावर चढवणार नव्हतं. आप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला असता, मला माहीत आहे. पण मी म्हणाले, ‘मला असं काही आठवत नाही.’

खोटं ते हे.

आप्पा तिला म्हणाले, ‘बाळ, चूक सगळ्यांच्या हातून होते. ती वरच्यावर ढकलू नये.’ रागावून नाही, समजावून म्हणाले. सारिकानं माझ्याकडे एकदा बघितलं. ‘बरं,’ म्हणाली. त्याच महिन्यात तिनं काम सोडलं. तिचे वडील मला भेटायला आले होते — भांडायला येतील असं वाटलं होतं, तर तेच हात जोडून म्हणाले, ‘मॅडम, पोरगी नवखी हाय, चुकली आसंल. दाखल्यात तेवढं चांगलं लिवा.’ मी चांगलं लिहिलं. फार चांगलं लिहिलं.

इथवर तुम्ही कदाचित म्हणाल, माणूस घाबरतो, तोंडातून निघून जातं. मीही स्वतःला तसं सांगायचे. पण पुढचं ऐका.

टाके निघाल्यावर मी मावशींना भेटायला दौंडला गेले. एकटीच. मागच्या खोलीत त्या पलंगावर बसल्या होत्या. भुवईवर व्रण, बोलताना दाताची फट दिसायची. मी समोर, अगदी जवळ बसले, म्हणजे ऐकू यावं. त्यांनी माझा हात हातात घेतला.

‘तुमी आलात, लई झालं,’ म्हणाल्या. ‘तुमचा काय दोस त्यात? तुमी म्हनला व्हता बघते. पन त्या पोरीनं तुमास्नी कागदावर दिलंच न्हाई, तर तुमी तरी काय बघनार?’

त्यांना कुणी सांगितलं होतं? कुणीतरी. अशा गोष्टी पोचतातच.

‘दोनदा आली व्हती ती,’ मावशी म्हणाल्या. ‘म्या बोलले न्हाई तिच्याशी. रडत व्हती. रडू दे म्हनलं. मांडीला मांडी लावून जेवली माझ्या, आन् येवढा एक निरोप दिला न्हाई?’

खोलीत आम्ही दोघीच होतो. आप्पा नव्हते, विश्वस्त नव्हते. समोरच्या बाईला माझा चेहरासुद्धा दिसत नव्हता. एकमेकींपासून लपवावं असं आमच्यात काय होतं? तिला दिसत नाही, मला ऐकू येत नाही. सगळ्या जगात मला हे जिच्याजवळ बोलता आलं असतं ती बाई माझा हात धरून बसली होती. भावजय चहा घेऊन आली. मी चहा प्याले. थोडा गोड जास्त होता, तेही लक्षात आहे.

निघताना विचारलं, ‘देवळाकडे जाता का आता?’

‘भावजय सोडती कवा कवा. एकटीनं न्हाई जमत. पाऊल टाकलं की वाटतं, म्होरं कायतरी हाय.’

विश्वस्तांसमोर मी घाबरले होते. मावशींसमोर मी घाबरलेले नव्हते. फरक आहे त्यात, आणि तो मला तेव्हाही कळत होता.

मग मी पद सोडलं — पश्चात्तापानं, असं तुम्हाला वाटेल. तसं असतं तर निदान बरं दिसलं असतं. तसंही नाही. पुढच्या हिवाळ्यात आम्ही एक प्रशिक्षण ठरवलं, ऐकू न येणाऱ्यांसाठी सार्वजनिक जागा कशा असाव्यात यावर. शिकवायला पुण्याहून एक बाई येणार होत्या, त्या स्वतः लहानपणापासून बहिऱ्या. ठरवाठरवीला त्या ऑफिसात आल्या, माझ्यासमोर बसल्या. थोडा वेळ त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या, मी त्यांच्या. मग त्या थांबल्या आणि माझ्याकडे नीट बघितलं. त्यांना कळलं. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, फक्त त्यानंतर माझ्याशी बोलताना त्या प्रत्येक शब्द सुटा करून बोलायला लागल्या. शेजारी बसलेले आमचे सहकारी बघत होते.

प्रशिक्षण सुरू व्हायच्या आधी मी राजीनामा दिला. नव्या माणसांनी पुढे यावं, असं त्यात लिहिलं. आप्पांनी समजूत घालायचा प्रयत्न केला, मग म्हणाले, ‘खुर्ची सोडणारी माणसं आता कुठं राहिलीत?’ निरोपाचा कार्यक्रम झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. कोण काय बोललं ते मला अर्धंमुर्धंच माहीत आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या की मी हात जोडत होते. दौंडहूनही माणसं आली होती. मावशींनी भावाबरोबर अगरबत्तीचा पुडा पाठवला होता.

पद सोडल्यावर त्याच महिन्यात मी कपाटातलं मशीन काढून घातलं. आता कुणाला काय वाटायचं होतं? निवृत्त बाईच्या कानात मशीन असतंच. नवरा म्हणाला, ‘हे आधीच करायचं होतंस.’ मी म्हणाले, हो.

संस्था चांगली चालली आहे. नवे संचालक माझ्यापेक्षा शांत आहेत, बैठकीत सगळ्यांचं ऐकून घेतात म्हणे. देवळाजवळच्या भिंतीला आता काही नाही, मोकळी आहे. मावशी मात्र एकट्या येत नाहीत.

सारिका मला एकदाच भेटली. न्हावऱ्याला एका लग्नात. वाजंत्री चालू होती, मी मांडवाच्या कडेला उभी होते. तिचं लग्न होऊन ती केंदूरला दिली आहे, एका डेअरीत हिशेबाचं काम बघते. मला वाटलं, बघून निघून जाईल. ती आली. वाकून नमस्कार केला. मी पाय मागे घ्यायला हवे होते — घेतले नाहीत. घरच्यांची विचारपूस झाली. मग तिची नजर माझ्या कानावर गेली.

‘ताई, हे कधीपासून?’

तिच्या विचारण्यात काही नव्हतं. काळजीनं विचारलं. पण विचारून ती थांबली, आणि थांबली ती जराशी जास्तच. खरं सांगितलं असतं तर बाकीचं तिनं तिथंच उभ्या उभ्या लावून घेतलं असतं. गाडी, खिडक्या, मागची सीट.

‘यंदाच,’ मी म्हणाले. ‘वय झालं आता.’

‘जपा ताई,’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘दौंडला जाणं होतं का? मावशींना सांगा मी विचारलं म्हणून. माझ्याशी बोलत नाहीत त्या अजून.’

‘सांगते,’ म्हणाले.

तिला कुणीतरी हाक मारली, ती गेली. पंगत बसत होती. मी जेवले आणि शिरूरला आले. त्यानंतर दौंडला दोनदा जाणं झालं. मावशींना मी काही सांगितलेलं नाही.